निमंत्रण नको, नियम हवा!
ऑगस्टाच्या गोल्फ क्लबाची कहाणी

गोल्फ हा काही आपल्या वस्तीतला खेळ नव्हे. आपली मुले कबड्डी खेळतात, चाळीच्या बोळात रबरी चेंडूने क्रिकेट खेळतात. गोल्फचे मैदान आपल्यापैकी कोणी पाहिलेच असेल तर ते कुंपणाबाहेरून. मुंबईत चेंबूरला असे मैदान आहे, पुण्यात येरवड्याला आहे. आत गालिचासारखी हिरवळ, आणि बाहेर रस्त्यावर बसची वाट पाहणारे आपण. मग कुटुंबाच्या पानावर परदेशातल्या एका गोल्फ क्लबाचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका वृद्ध माणसाच्या छायाचित्रात आहे.

८ एप्रिल २०२१ ची सकाळ. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लबात 'मास्टर्स' ही जगप्रसिद्ध स्पर्धा सुरू होत होती. आरंभी ज्येष्ठ खेळाडूंनी मानाचा पहिला फटका मारायचा, अशी तेथे प्रथा आहे. त्या दिवशी तिघांना बोलावले होते. जॅक निकलस आणि गॅरी प्लेअर या दोघांनी फटके मारले. तिसरे होते ली एल्डर. वय ८६ वर्षे, नाकात प्राणवायूची नळी. फटका मारण्याइतके बळ अंगात उरले नव्हते. त्यांनी हातातली काठी फक्त वर उचलून दाखवली आणि जमलेले सारे लोक उभे राहिले.

एल्डर हे मास्टर्स स्पर्धेत खेळलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. खेळले १९७५ साली. हा मान मिळायला त्यानंतर ४६ वर्षे लागली. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर त्या क्लबाची कुंडली पाहिली पाहिजे.

नीळ, रोपे आणि हिरवळ

ज्या जमिनीवर हा क्लब उभा आहे ती पूर्वी निळीच्या लागवडीची होती. त्या काळी जॉर्जियातील मळ्यांवर राबणारे हात गुलामांचे होते. १८५७ मध्ये बेल्जियमहून आलेल्या बर्कमन्स पितापुत्रांनी ही जमीन घेऊन फळझाडांची आणि फुलझाडांची मोठी रोपवाटिका काढली. पुढे ती बंद पडली. आज मैदानाच्या अठराही होलना एकेका झाडाचे किंवा फुलाचे नाव आहे, ती त्या रोपवाटिकेची आठवण.

१९३० साली बॉबी जोन्स या अटलांटाच्या वकिलाने एकाच वर्षात ब्रिटन-अमेरिकेतील चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि वयाच्या २८ व्या वर्षी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. त्याला आपल्या मनासारखे मैदान हवे होते. क्लिफर्ड रॉबर्ट्स हा न्यूयॉर्कचा पैसेवाला गुंतवणूकदार त्याच्या जोडीला आला. १९३१ मध्ये सुमारे ३६५ एकर जमीन ७० हजार डॉलरला घेतली गेली. मैदानाची आखणी अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी या नामवंत रचनाकाराने केली. १९३४ च्या मार्चमध्ये पहिली स्पर्धा झाली आणि ती हॉर्टन स्मिथने जिंकली. १९३९ पासून स्पर्धेला 'मास्टर्स' हे अधिकृत नाव मिळाले. १९४९ पासून विजेत्याला हिरवा कोट देण्याची प्रथा पडली. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ स्पर्धा बंद होती, तेव्हा या हिरवळीवर गुरे चरायला सोडली होती! अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हेही या क्लबाचे सभासद होते.

या क्लबाचे सभासद सुमारे तीनशे. सभासद होण्यासाठी अर्ज करता येत नाही. क्लबानेच बोलावले तर जायचे. कोणाला बोलावले आणि कोणाला नाही, याचे कारण क्लब सांगत नाही. क्लब खासगी आहे, असे एकच उत्तर. वाचकांनी हा 'खासगी' शब्द ध्यानात ठेवावा. पुढची सारी कथा या एका शब्दाभोवती फिरते.

पिशवी वाहणारे

गोल्फचा खेळ सांगायला सोपा आहे. लहानसा चेंडू काठीने मारत मारत दूरवरच्या खड्ड्यात घालायचा. असे अठरा खड्डे, त्यांना होल म्हणतात. ज्याला सगळ्यांत कमी फटके लागले तो जिंकला. खेळाडूजवळ वेगवेगळ्या १४ काठ्यांपर्यंत सरंजाम असतो. ही जड पिशवी खांद्यावर घेऊन मैलोगणती चालतो तो कॅडी. पण कॅडी म्हणजे नुसता हमाल नव्हे. वारा कुठून आहे, उतार किती आहे, कुठली काठी घ्यावी, हे तो खेळाडूला सांगतो.

ऑगस्टा क्लबाचे सगळे कॅडी कृष्णवर्णीय होते. स्वयंपाकी कृष्णवर्णीय, वाढपी कृष्णवर्णीय. खेळणारे आणि सभासद मात्र गोरे. कितीही मोठा खेळाडू असो, मास्टर्समध्ये त्याने क्लबाचाच कॅडी घ्यायचा, अशी १९८२ पर्यंत सक्ती होती. हे कॅडी बहुतेक जवळच्या सँड हिल्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतले. बाप कॅडी, मग मुलगा कॅडी, असेही चाले.

त्यांतले विली स्टोक्स हे सर्वांचे गुरू. क्लब होण्यापूर्वीपासून त्यांचे घर त्याच परिसरात होते. पोरवयात पावसाचे पाणी या जमिनीवरून कसे वाहते ते त्यांनी पाहिले होते. पाणी ज्या ओढ्याकडे धाव घेते तिकडेच चेंडूही कलतो, हे त्यांनी ओळखले. कुठल्या पुस्तकात नसलेले हे ज्ञान. त्यांच्या सल्ल्यावर चार वेगवेगळ्या खेळाडूंनी मिळून पाच वेळा मास्टर्स जिंकली. अर्नोल्ड पामर चार वेळा जिंकला तेव्हा त्याच्या पिशवीला खांदा नॅथॅनिएल एव्हरी यांचा होता. जॅक निकलसच्या सहा विजयांपैकी पहिल्या पाच विजयांत विली पीटरसन सोबत होते. हिरवे कोट गोऱ्या खेळाडूंच्या अंगावर चढले. पिशवी वाहणाऱ्यांची नावे मात्र जगाला फार उशिरा कळली.

हे वाचताना आम्हांला आपल्या पळवणकर बाळूंची आठवण होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार कुटुंबातला हा मुलगा पुण्यात इंग्रजांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर मैदानाची निगा राखी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. त्यातूनच तो हिंदुस्थानातला श्रेष्ठ गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघात त्याचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, तंबूबाहेर. संघाचे कर्णधारपद त्याला कधीच दिले नाही. त्याचा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ मध्ये मिळाले. हजारो मैलांचे अंतर, रंग वेगळा, खेळ वेगळा. रीत मात्र एकच. हात चालतात, माणूस चालत नाही.

दोन विजय आणि बंद दार

अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेतच गोऱ्यांखेरीज कोणाला सभासद करू नये असे कलम होते. ते १९६१ च्या नोव्हेंबरात रद्द झाले. हे कलम काढायला लावणाऱ्या लढ्यात चार्ली सिफर्ड हे कृष्णवर्णीय खेळाडू आघाडीवर होते. त्यांनीही लहानपणी कॅडीचे काम केले होते. स्पर्धेत शिव्या आणि धमक्या ऐकत ते खेळले. १९६७ मध्ये हार्टफर्डची आणि १९६९ मध्ये लॉस एंजेलिसची मोठी स्पर्धा त्यांनी जिंकली.

दोन मोठे विजय. पण मास्टर्सचे बोलावणे आले नाही. कारण विचारावे तर क्लब खासगी, स्पर्धा निमंत्रितांची. कृष्णवर्णीयांना बंदी असे कोठेही लिहिलेले नव्हते. लिहिलेले असते तर त्याविरुद्ध लढता आले असते. न लिहिलेल्या बंदीशी लढणार कसे? सिफर्ड यांना मास्टर्स कधीच खेळता आली नाही. पुढे २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २०१५ मध्ये ते वारले. पण गेलेली उमेदीची वर्षे कोणत्या पदकाने परत येतात?

१९७२ पासून मात्र क्लबाने एक नियम केला. अमेरिकेच्या व्यावसायिक मालिकेतली स्पर्धा जो जिंकेल, त्याला मास्टर्समध्ये आपोआप प्रवेश. आता कोणाच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही. १९७३ मध्ये अमेरिकन संसदेच्या १८ सदस्यांनी ली एल्डर यांना निमंत्रण द्यावे अशी मागणी केली, तेव्हा रॉबर्ट्स यांनी त्याच नियमांकडे बोट दाखवले. एल्डर यांनी तोच नियम पुरा करून दाखवला.

एल्डर यांचा एक वर्षाचा वनवास

एल्डर यांचा जन्म १९३४ चा, टेक्सासमधल्या डॅलसचा. लहानपणीच आईबाप गेले. कॅडीचे काम करता करताच खेळ शिकले. फ्लोरिडातील पेन्साकोला येथे १९६८ मध्ये त्यांना आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडूंना क्लबाच्या इमारतीत येऊ दिले नाही; गाड्या उभ्या करण्याच्या जागेत त्यांना कपडे बदलावे लागले होते. त्याच पेन्साकोलात २१ एप्रिल १९७४ रोजी एल्डर यांनी स्पर्धा जिंकली. जेथे दाराबाहेर उभे केले तेथेच विजयाचा चषक हाती घेतला!

पण त्या वर्षीची मास्टर्स आठवडाभर आधीच होऊन गेली होती. पुढच्या एप्रिलपर्यंत थांबणे आले. ते वर्ष मोठे कठीण गेले. ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे येऊ लागली. ऑगस्टाला गेले तेव्हा आपण कोठे राहतो हे कोणाला कळू नये म्हणून एल्डर यांनी दोन घरे भाड्याने घेतली आणि आलटून पालटून त्यांत राहिले. गावातल्या एका खानावळीने त्यांच्या मंडळींना वाढायला नकार दिला, तेव्हा पेन कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचे प्रमुख पुढे आले आणि त्यांनी जेवणाची सोय केली. समाजाने उभारलेली शिक्षणसंस्था अडीअडचणीला अशी उभी राहते, हे आपण विसरू नये.

१० एप्रिल १९७५ रोजी एल्डर यांनी पहिला फटका मारला. पहिल्या दोन दिवसांत त्यांना ७४ आणि ७८ फटके लागले आणि उरलेल्या दोन दिवसांच्या फेऱ्यांसाठी ते पात्र ठरले नाहीत. आकडे पाहणारा म्हणेल, हरले. पण अठराव्या होलपाशी ते आले तेव्हा क्लबाचे नोकर, स्वयंपाकी, वाढपी, मैदानावरचे कामगार आपापले काम टाकून बाहेर येऊन उभे होते. इतकी वर्षे त्यांनी या हिरवळीवर आपला माणूस पाहिला तो पिशवी वाहताना. आज प्रथमच तो खेळताना पाहिला. त्या दिवशी ते लोक घरी जाऊन आपल्या मुलांना काय सांगत असतील, याची कल्पना आमच्या वाचकांना करता येईल.

एकीकडे दार उघडले, दुसरीकडे भाकरी गेली

या कथेची एक कडू बाजूही सांगितली पाहिजे. १९८२ च्या स्पर्धेत पावसामुळे खेळ अर्धवट राहिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लवकर सुरू करायचा ठरला. वेळेच्या घोळात काही कॅडी पोहोचले नाहीत. खेळाडूंनी तक्रारी केल्या. १९८३ पासून खेळाडूंना स्वतःचा कॅडी आणण्याची मोकळीक मिळाली. तोवर या कामात पैसा आला होता. विजेत्याच्या बक्षिसात कॅडीचा वाटा असतो. बहुतेक खेळाडू आपापले कॅडी घेऊन आले आणि ते बहुतेक गोरे होते. सँड हिल्समधल्या पिढीजात कॅडींचे मास्टर्समधले काम एका फटक्यात गेले.

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. पिशवी वाहण्याची ती सक्तीची व्यवस्था चांगली होती असे कोणी म्हणणार नाही. ती वर्णभेदाचीच व्यवस्था होती. पण ती मोडताना, जे तिच्यात राबले त्यांना पुढच्या दाराने आत घेतले नाही. त्यांचे ज्ञान होते, अनुभव होता. त्यांना खेळाचे शिक्षक करता आले असते, मैदानाचे व्यवस्थापक करता आले असते. तसे झाले नाही. हलके काम सोडायला सांगणे सोपे असते. त्याबरोबर दुसरे काम हाती हवे, नाहीतर स्वाभिमान आणि उपाशी पोट यांची झुंज लागते. आपल्या समाजाने गावकीची कामे सोडली तेव्हा आपल्या आजी-आजोबांनी हीच झुंज घेतली होती.

थोडे जण टिकले. कार्ल जॅक्सन हे त्यांतले एक. १४ वर्षांचे असताना १९६१ मध्ये ते प्रथम मास्टर्समध्ये कॅडी झाले. बेन क्रेनशॉ या खेळाडूने १९८३ नंतरही त्यांना सोडले नाही. १९८४ मध्ये दोघे जिंकले. १९९५ मध्ये स्पर्धेच्या आदल्याच दिवशी क्रेनशॉ आपल्या गुरूच्या अंत्यविधीहून परतला होता. त्याचा खेळ बिघडला होता. चेंडूजवळ कसे उभे राहावे याची एक बारीक दुरुस्ती जॅक्सन यांनी सुचवली, आणि क्रेनशॉ जिंकला. शेवटचा चेंडू खड्ड्यात पडताच तो वाकून रडू लागला, तेव्हा मागून येऊन त्याला सावरणारे हात जॅक्सन यांचे होते.

पैशाचा दणका

एल्डर खेळले तरी सभासदत्व गोऱ्यांचेच राहिले. ते बदलले १९९० मध्ये, आणि त्याचे कारण दुसऱ्याच गावी घडले. अलाबामा राज्यात बर्मिंगहॅमजवळ शोल क्रीक हा असाच खासगी क्लब आहे. तेथे त्या ऑगस्टमध्ये मोठी राष्ट्रीय स्पर्धा व्हायची होती. क्लबाच्या संस्थापकाने वर्तमानपत्राशी बोलताना, कृष्णवर्णीयांना सभासद करून घेण्यासाठी आमच्यावर कोणी दबाव आणू शकणार नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. गदारोळ उठला. नागरी हक्क संघटनांनी निदर्शनांचा इशारा दिला. आयबीएमसारख्या कंपन्यांनी दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती काढून घेतल्या. तेव्हा कोठे क्लबाने लुई विली या कृष्णवर्णीय विमा व्यावसायिकाला सभासद केले. भेदभाव करणाऱ्या क्लबात यापुढे स्पर्धा भरवणार नाही, असे गोल्फच्या संघटनांनीही जाहीर केले. काही जुन्या क्लबांनी स्पर्धा सोडल्या, पण हेका सोडला नाही! ऑगस्टाने मात्र त्याच सप्टेंबरमध्ये रॉन टाउनसेंड या दूरचित्रवाणी व्यवसायातील अधिकाऱ्याला पहिला कृष्णवर्णीय सभासद म्हणून घेतले.

म्हणजे क्लब स्थापन झाल्यापासून जवळजवळ ६० वर्षे जे मनाने झाले नाही, ते जाहिराती जाण्याच्या भीतीने काही आठवड्यांत झाले.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच. २००२ मध्ये मार्था बर्क यांनी स्त्रियांना सभासद का नाही असा सवाल केला. क्लबाच्या अध्यक्षांनी ताठर उत्तर दिले आणि कंपन्यांवर दबाव येऊ नये म्हणून २००३ व २००४ ची स्पर्धा जाहिरातींविना दाखवली. ऑगस्ट २०१२ मध्ये पहिल्या दोन स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्यांतल्या एक कोंडोलिझा राइस, अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री. त्यांचा जन्म वर्णभेदाच्या काळातल्या त्याच बर्मिंगहॅममधला.

आणि मध्ये आले ते १९९७ साल. १३ एप्रिल रोजी २१ वर्षांचा टायगर वुड्स १२ फटक्यांच्या फरकाने मास्टर्स जिंकला. वडील अर्ल वुड्स व्हिएतनाम युद्धात लढलेले कृष्णवर्णीय सैनिक. आई कुलतिदा थायलंडच्या, बौद्ध. आईने आपल्याला बौद्ध संस्कारांत वाढवले, हे टायगरने जाहीरपणे सांगितले आहे. २०१० मध्ये स्वतःच्या चुकांची कबुली देतानाही, ती शिकवण आपण विसरलो, असे तो म्हणाला. त्या १९९७ च्या रविवारी ली एल्डर धावतपळत ऑगस्टाला पोहोचले. घाईत मोटार जोरात हाकल्याबद्दल पोलिसांनी त्यांना दंडही केला. टायगरने त्यांना मिठी मारली. क्लबाचे कृष्णवर्णीय कामगार पुन्हा बाहेर येऊन उभे होते.

आपण काय घ्यावे?

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये क्लबाने एल्डर यांच्या नावाने पेन कॉलेजात शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. ज्या महाविद्यालयाने १९७५ मध्ये त्यांच्या जेवणाची सोय केली तेच हे महाविद्यालय. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना मानाच्या खुर्चीवर बसवले आणि २८ नोव्हेंबर २०२१ रोजी ते निधन पावले. सन्मान झाला याचा आनंद आहे. पण सन्मान उशिरा झाला, हेही नोंदले पाहिजे.

सिफर्ड आणि एल्डर या दोघांच्या गुणवत्तेत फार अंतर नव्हते. एकाने दोन स्पर्धा जिंकल्या तरी तो बाहेर राहिला, दुसरा एकच जिंकून आत गेला. फरक एवढाच की मधल्या काळात नियम झाला होता. निमंत्रण ही मर्जी असते. ती आज असते, उद्या नसते, आणि तिचा जाब विचारता येत नाही. नियम लिहिलेला असतो, त्यावर बोट ठेवता येते. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी दयेची याचना केली नाही, लेखी हक्क मागितले; आणि बाबासाहेबांनी ते राज्यघटनेत लिहून ठेवले.

तेव्हा मातापित्यांनी एवढे करावे. मुलांना खेळात पाठवा. शाळेचा संघ असो, तालुक्याची निवड असो, कामगार कल्याण केंद्राची स्पर्धा असो, निवडीचा नियम काय आहे ते आधी विचारा आणि तो लेखी मागा. 'आमचे आम्ही ठरवतो' असे उत्तर मिळाले तर सिफर्ड यांना आठवा. आणि नियम असेल तर एल्डर यांना आठवा, मुलाची तयारी इतकी करून घ्या की त्या नियमाने त्याला आत घेण्यावाचून गत्यंतर उरू नये.

आपल्या घरात जर कोणी कुणाची पिशवी वाहत असेल, तर त्याच्याशी संध्याकाळी चार शब्द बोला. पाणी कोणत्या बाजूला वाहते हे त्यालाच ठाऊक असते. ते ज्ञान मुलांच्या कामी येऊ द्या.

जयभीम!